निरगुडीचं आवतन

धनजच्या शिवारात पेरणी आटोपत आली होती, तेव्हा जगदेवच्या टाचेत बाभळीचा काटा गेला. बघता बघता पाय गुडघ्यापर्यंत सुजला, टाचेत पू झाला, ताप चढला. "पाय गेला तं शेत गेलं," एवढंच तो ग्लानीत बडबडे. त्याची बायको प्रयागबाई मोठी हट्टी. पाय जाऊ द्यायचा नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं.

नाल्याकाठची निरगुडी सूज उतरवते आणि पूही आटवते, हे गावात कोणालाही ठाऊक. पण औषधाचं झाड असंच ओरबाडायचं नसतं. आदल्या सांजेला त्याला आवतन द्यायचं. प्रयागबाईनं निरगुडीला हळदकुंकू लावलं, बुडाशी अक्षता ठेवल्या. "उद्या माह्या घरी चाल," म्हणाली.

सकाळी ती निघणार, तोच तिनं धाडलेला निजामुद्दीन टांगेवाला कारंज्याच्या डॉक्टरला घेऊन दारात. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, सल्फाच्या नव्या गोळ्या नुकत्याच आल्या होत्या. डॉक्टरनं पू काढला, गोळ्या दिल्या. ताप उतरला, सूजही ओसरू लागली. त्या आनंदात प्रयागबाई निरगुडी विसरली ती विसरलीच.

मग घरात कडवट वास येऊ लागला. आधी पाण्याच्या रांजणाला, मग जगदेवच्या वाकळीला. एका दुपारी बाजेखाली निरगुडीची ओली पानं सापडली. प्रयागबाई तडक नाल्यावर गेली. झाडाच्या जागी नुसता खड्डा होता. कुऱ्हाडीचा घाव नाही, ओढत नेल्याची खूण नाही.

सासरे बबनराव पानांकडे पाहत राहिले. "आवतन देल्लं, न् आनाले गेली नाही. आता आली हाये, तं लेप लाव, पोरी. गोळ्या बंद कर."

"काहून बंद करू? माहा मानूस बरा होऊन राह्यला, मामाजी!" तिनं पानं चुलीत कोंबली आणि आढ्याकडे पाहून ठणकावलं, "आली तशी जाय. तुले इथं काम नाही!"

दुसऱ्या सकाळी तिला जाग आली, तर दारातून जगदेव दिसला. काठीविना अंगणात चालत होता. तिचे डोळे भरून आले. उठायला तिनं पाय जमिनीवर टेकला आणि कळ मस्तकात गेली.

पाय घोट्यापासून टम्म सुजला होता. काटा नाही, जखम नाही.

वर लेप बांधलेला होता. अजून गरम.

प्रयागबाईनं फडकं फाडलं, लेप भिंतीवर भिरकावला, उरलेल्या गोळ्या पाण्याविना गिळल्या. "नाही लावून घेत मी!" ती ओरडली. "पाहू कोन थकते!"

नवरा आणि सासरा अंगणात बोलत होते. आत, स्वयंपाकघरात, पाट्यावर वरवंटा फिरू लागला.