अकरा दिवसांनी आखूड

जेद्दात पाऊस वर्षातून दोनदाच येतो, पण येतो तो वर्षभराचं उट्टं काढायलाच. त्या डिसेंबरात इस्पितळाच्या तळघरात घोटाभर पाणी शिरलं, दिवे गेले आणि कर्मचारी विभागातली खुलूद छातीशी फायली धरून अंधारात जिना शोधू लागली. जिना सापडला नाही. सापडला एक माणूस, आणि त्याच्यावर आदळून सगळ्या फायली पाण्यात गेल्या.

"वल्ला, उस्ताजा, फायलींना पोहता येत नाही हो!"

"आणि तुम्हाला बाजूला होता येत नाही."

बाईमाणसाला आदराने 'उस्ताजा' म्हणणारा तो अनमार, डायलिसिसची यंत्रं दुरुस्त करणारा इंजिनिअर. मोबाइलच्या उजेडात त्याने एकेक फाइल उचलून दिली. शेवटची मात्र हातातच धरून ठेवली.

"ही बुडू दे... माझीच आहे. बॉण्ड आहे हिच्यात."

इस्पितळाने त्याला स्वखर्चाने जर्मनीत शिकायला धाडलं होतं. परतल्यावर तीन वर्षं इथेच राबायचं, एक दिवस आधी सोडलं तरी शिक्षणाचा सगळा खर्च, सत्तर हजार रियाल, परत करायचा.

"एवढी घाई कसली आहे सुटायची?" तिने हसून विचारलं.

"आईची." त्याचा आवाज उतरला. "दूर बीशाच्या पलीकडे आमचं गाव. तिला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला दोन तास गाडीतून नेतात. पूर आला की रस्ता बंद. आता गावाशेजारीच केंद्र उघडतंय, पण पहिल्या जानेवारीला यंत्रं सांभाळणारा माणूस हजर हवा, नाहीतर कुलूप तसंच राहणार. आणि माझा बॉण्ड संपतो अकराला. दहा दिवस, उस्ताजा... दहा दिवसांपायी घोडं अडलंय."

खुलूदचं हसू ओठांवरच विरलं.

मग तो रोज तिसऱ्या मजल्यावर यायला लागला. हातात गरम बलीला, म्हणजे जिरं भुरभुरलेले उकडलेले चणे, आणि तोंडी एकच सबब.

"कागद वाळले का बघायला आलो."

"इंजिनिअर ना तुम्ही? कागद वाळायला किती वेळ लागतो कळत नाही?"

"कळतं ना! म्हणूनच... वाळायच्या आत येऊन जातो."

ती खाली मान घालून चणे निवडत बसायची, जणू त्यात खडे होते. एकोणतिसाव्या वर्षी पहिल्यांदाच तिच्या टेबलापाशी कुणी कामाशिवाय थांबत होतं.

रविवारी तिने त्याच्या करारावरून केस वाळवायचं यंत्र फिरवलं आणि तारखेवर तिचा हात थांबला. रबी-उल-आखिरची पहिली. हिजरी तारीख! इंग्रजी तारीख कागदावर कुठेच नव्हती. पगार इंग्रजी महिन्याने यायला लागल्यापासून सगळ्या कचेरीला तीच सवय जडली होती, आणि कुणीतरी हा करारही संगणकात इंग्रजी तारखेने चढवून टाकला होता. पण कागद चालणार चंद्राने. चंद्राचं वर्ष अकरा दिवसांनी आखूड, तीन वर्षांचे झाले तेहेतीस. अनमारचा बॉण्ड कधीच संपला होता.

सांगितलं की तो जाणार. तिने फाइल खणात टाकली आणि खण लावून घेतला. सोमवारी त्याने आणलेले चणे तिने तसेच बाजूला सारले. मंगळवार-बुधवारी तिने डोकेदुखीचं निमित्त काढलं.

गुरुवारी तो रिकाम्या हाताने आला.

"काल ओढ्याने गाडी अडवली. आईचं डायलिसिस चुकलं... सूज आलीय पायावर." तो खुर्चीच्या कडेवर टेकला. "केंद्राला आज नाही म्हणून कळवतो. सत्तर हजार कुठून आणू मी?"

खुलूदने खण उघडला. तारखेवर बोट ठेवलं. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं.

"तुला कधी कळलं हे?"

"रविवारी."

"रविवारी! आणि मी चार दिवस..." त्याने फाइल ओढून घेतली. "का लपवलंस?"

आधी सांगून कालचा पूर ओसरला नसता, हे तिने मनाला हजारदा बजावून पाहिलं होतं, पण मन ऐकत नव्हतं.

"तू मला हवा होतास म्हणून," ती म्हणाली. "बॉण्ड संपला, तरी हवा होतास."

तो फाइल घेऊन निघून गेला. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

साहेबांनी कुरकुरत त्याच्या सुटकेवर सही केली. खुलूदने तो कागद स्वतः टाइप केला. तारखा दोन्ही घातल्या, एकीखाली एक, आणि मग प्रसाधनगृहात जाऊन पोटभर रडली.

शेवटच्या दिवशी पाऊस पुन्हा लागला होता. अनमार दारात उभा, खांदे भिजलेले.

"नव्या केंद्राचा करार आहे. वाचून दे. तारखा तूच नीट वाचतेस... सांगतेस मात्र उशिरा."

टोमणा वर्मी लागला. तिने कागद घेतला.

"अजून रागावला आहेस?"

"आहे ना. वर्षभर पुरेल एवढा राग आहे."

एक वर्षाचाच करार होता. छापील 'एक वर्ष' या शब्दांपुढे कुणीतरी शाईने एक शब्द वाढवला होता, आणि ते अक्षर ती ओळखत होती. हिजरी.

"हे कशाला?" तिने त्या शब्दावर बोट ठेवलं.

"अकरा दिवस आधी सुटेन. आई असली तर तिला घेऊन तुमच्या दारी येईन. नसली... तर एकटा येईन. थांबशील?"

खुलूदने टेबलावरचं इंग्रजी कॅलेंडर उचललं आणि त्याच खणात टाकून दिलं.