मधुराची कॉफी

सिद्धांत कोठारे पहिल्यांदा दुकानात शिरला तो डोळ्यांतून घळाघळा पाणी गाळत. अपेक्षाला वाटलं, ह्या बिचाऱ्याचं कोण गेलं? पण गेलं कुणीच नव्हतं. मे महिना, लालबागची मिरची गल्ली, दोन्ही बाजूंना मसाला कुटायची यंत्रं धडाधड चाललेली, आणि गिरगावातून आईनं परभी सांबार मसाला कुटून आणायला पाठवलेला हा मुलगा शिंकत शिंकत दिसेल त्या दारात घुसला होता.

"पाणी... मिळेल?"

"आधी हे हुंगा." अपेक्षानं भाजलेल्या कॉफीच्या बियांची बरणी त्याच्या नाकाखाली धरली.

त्यानं हुंगलं. डोळे मिटले, उघडले. मग पहिल्यांदा त्यानं नीट पाहिलं, बरणीकडे नाही, तिच्याकडे.

"हे कुठलं?"

"चिकमगळूरच्या डोंगरातलं. पहिल्या बिया कुणी फकिरानं अरबस्तानातून लपवून आणल्या, असं सांगतात."

"चोरीचा माल, म्हणजे."

"तुमच्याकडे कॉफी कशी करतात?"

"दुधात. जायफळ, वेलची..."

"ती खीर झाली," अपेक्षा म्हणाली.

तो हसला, आणि गालाला खळी पडली. खळी पडणाऱ्या पुरुषांपासून चार हात लांब राहावं, पण हे अपेक्षा परबला कोण सांगणार?

दुकान तिच्या काकांचं, नानांचं. मिरचीच्या गल्लीत कॉफी विकणारा एकटा माणूस म्हणून लोक त्यांना हसायचे, तरी गिऱ्हाईक टिकून होतं. कारण एकच. प्रत्येकाच्या घरची कॉफी वेगळी भाजायची, वेगळी दळायची, आणि ज्याचं दळण त्यालाच द्यायचं. भाजणं नानांचं. दळण अपेक्षाचं.

सिद्धांत दर शनिवारी यायला लागला. 'अहो'चं 'अगं' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. पुडी बांधून झाली तरी तो जायचा नाही, काउंटरवर कोपर टेकून उभा राहायचा. "आज दोरा जास्त गुंडाळलास," म्हणायचा. "तुला घाई आहे?" ती विचारायची. "छे..." आणि परत ती खळी. आतून नाना उगाच खोकायचे.

आणि एका शनिवारी तो म्हणाला, "अजून एक पुडी दे ना. मधुरासाठी."

अपेक्षाच्या हातातला दोरा तुटला. "मधुरा कोण?"

"ऑफिसात आहे. लोअर परळला. कॉफी प्यायली की तिला अ‍ॅसिडिटी होते, पण सोडवत नाही गं तिला."

अपेक्षानं तिला मलबारची दिली. ह्या बिया पावसाळाभर गोदामात समुद्राच्या वाऱ्यावर ठेवतात. त्या फुगतात, पिवळ्या पडतात आणि आंबटपणा जातो. नाजूक पोटाच्या माणसाला ही कॉफी बहुधा सोसते. धंदा म्हणजे धंदा, तिथं तिनं काही वाकडं केलं नाही.

पण मग मधुरा दर शनिवारी यायला लागली. म्हणजे तिचं नाव. मधुरा असं म्हणाली, मधुरा तसं हसली. नाव घेताना त्याचा आवाज मऊ व्हायचा, आणि अपेक्षाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बाईला पाहिलेलं नाही, ऐकलेलं नाही, तरी तिचे सरळ केस आणि बारीक कंबर अपेक्षाच्या डोळ्यांपुढे सारखी नाचायची. मत्सर होता, दुसरं काय.

"मधुरा म्हणते, तुझ्या हाताला गुण आहे," तो एकदा म्हणाला. "उद्या वाढदिवस आहे तिचा. जरा स्पेशल दळ हं."

झालं. दळ म्हणे स्पेशल. अपेक्षा आत गेली आणि मलबारचा डबा सोडून तिनं रोबस्टाचा उघडला. कडक, कडू, काळी, आणि झोप उडवायची ताकद जवळजवळ दुप्पट. दळल्यावर बघून कुणाला कळतंय? बस म्हणावं आता छताकडे बघत. पुडीला तिनं लाल रिबीनसुद्धा बांधली.

त्या रात्री झोप मात्र तिला स्वतःला आली नाही.

बुधवारीच तो उगवला. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"काय रे, बरं नाही का?"

"झोपच नाही अपेक्षा. छातीत नुसती धडधड..."

"मधुरा बरी आहे ना?"

"तिला काय झालंय? तिनं एक घोट घेतला, म्हणाली आज कडू लागते, राहू दे. मग मीच प्यायलो सगळी पुडी."

"कडू होती तर कशाला प्यायलास?"

"तू दळलेली ना..." तो काउंटरवर वाकला. "खोटं नाही बोलत. मला मधुरा आवडायची. पण रात्र रात्र जागा आहे, तिचा विचार करायला जातो आणि तूच समोर येतेस. छाती धडधडते, हात थरथरतात. मला वाटतं... मला तू आवडतेस. हे प्रेमच आहे."

शनिवार शनिवार ज्याची वाट पाहिली ते सगळं समोर उभं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. कोण विचारणार होतं? पण पुढच्या पुडीला ही धडधड उतरली तर? आणि त्याहून वाईट म्हणजे, तो तिच्याकडे इतक्या भरवशानं बघत होता की तिला स्वतःची लाज वाटली.

"ते प्रेम नाही," ती म्हणाली. "रोबस्टा आहे."

"काय?"

"मी मुद्दाम घातली. मधुराची झोप उडावी म्हणून."

"का? तिनं तुझं काय केलंय? तू तर भेटलीही नाहीस तिला."

"तू तिचं नाव घेतोस ना, तेव्हा तुझा आवाज बदलतो. मला नाही सहन होत."

"तिला त्रास झाला असता तर? विश्वासानं पिते ती," एवढंच तो म्हणाला आणि निघून गेला.

नाना आतून बाहेर आले. "गिऱ्हायकाचा दळाण बदललंस गो?" त्यांनी विचारलं. ती रडायला लागली तेव्हा त्यांनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि दळायला स्वतः बसले.

शनिवार आला, सिद्धांत आला नाही. त्याच्या पुढचाही कोरडाच गेला. अपेक्षा दारात पाऊल वाजलं की मान वर करायची आणि परत खाली घालायची.

मग एका दुपारी ऑक्टोबरच्या रणरणत्या उन्हात तो समोर उभा. दाढी गुळगुळीत, चेहरा ताजा.

"कॉफी सोडली," तो म्हणाला. "त्या दिवसापासून थेंब नाही. खात्री करून घ्यायची होती. झोप एकदम मस्त. आई म्हणते, घोरतोस."

"बरं झालं."

"बरं कसलं? गल्लीच्या तोंडाशी आलो आणि धडधड परत सुरू."

"ऊन आहे..."

"उन्हानं घाम येतो, अपेक्षा." त्यानं तिचा हात घेतला आणि आपल्या शर्टावर ठेवला. "हे बघ. हे कशानं?"

तिनं बघितलं. हात काढून घेतला नाही. आत नाना खोकले, तरी नाही.

"आणि मधुरा?"

"सांगितलं सगळं तिला. आधी चिडली, मग पोट धरून हसली. तुला भेटायचं म्हणते."

आता खरं तर अपेक्षानं लाजायला हवं होतं, माफी मागायला हवी होती. ती मागणारही होती, मधुरासमोर, स्वतः. पण तो मेला 'मधुरा' म्हणताना अजूनही हसत होता.

"येऊ दे," ती म्हणाली. "मलबार मी तिच्या हातात देईन, माफीही मागेन. पण तिची पुडी यापुढे तिची ती नेईल. तू इथं माझ्यासाठी यायचं."

"फक्त?"

"फक्त."

"बरं," सिद्धांत म्हणाला, आणि काउंटरवर कोपर टेकून उभा राहिला.