उमाबाईनं झील धरली

"या घरातली लेक गाणार न्हाय म्हंजी न्हाय!"

बलभीमनं कमलच्या हातातलं तुणतुणं हिसकावून उंच खुंटीला टांगलं, आणि चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या उमाबाईचा हात परातीतच थबकला. कमल, त्याची एकुलती एक लेक, नुकती कुठं सोळाव्यात आलेली, चौकटीला धरून हुंदके देत होती... आणि ते हुंदकेसुद्धा कसे सुरात निघत होते!

तुळजापुरातलं हे गोंधळ्याचं घर. बलभीमचा गळा म्हणजे काय विचारता! इकडं भूम, तिकडं जळकोट, कुणाच्याही घरी कार्य निघालं की गोंधळाचं आवतण आधी बलभीमला. उमाबाई त्याची थोरली बहीण. कोवळ्या वयातच कुंकू पुसून ती माहेरी परतली होती, आणि बलभीमची बायको बाळंतपणात गेली त्या दिवसापासून कमलची आई झाली होती. गावाला ती ठाऊक होती ती एवढीच. उमाबाईला कधीकाळी गळा होता, हे कुणाच्या ध्यानातही उरलं नव्हतं.

सकाळीच शाळेचे नारायणराव गुरुजी सांगून गेले होते, "उद्या पुण्याच्या रेडिओ केंद्राचे साहेब आपल्या शाळेत येताहेत. आजवर तिथं शहरातल्या मंडळींचाच भरणा. आता त्यांना आपल्याकडचे गळे हवेत... गोंधळी, आराधी, पोतराज, सगळे! बायकासुद्धा! निवड झाली तर पुण्यात शिकायचं आणि पगार घेऊन रेडिओवर गायचं. बलभीम, तू तर येच, पण कमलला आण."

"आबा, एकदाच जाऊ द्या की!" कमल काकुळतीला आली.

"आजीची शपथ ठाऊक हाय न्हवं तुला? अक्का, तूच सांग हिला!"

शपथ आजीची, पण ती घेतली होती उमाबाईनं. बलभीम लहान असताना घटसर्पानं त्याचा गळा धरला होता. पोर निळं पडलं, तेव्हा भेदरलेल्या आईनं त्याला खांद्यावर टाकलं, उमाला हाताला धरून ओढत देवळात नेलं आणि भवानीच्या पायरीवर तिचं डोकं टेकवलं. "म्हण, या घरातली लेक पुन्हा गाणार न्हाय! म्हण, तुझा गळा त्याला दे!" एका घरात देवी एकच गळा ठेवते, असं त्या माउलीला वाटलं. आणि उमानं भावाच्या मायेपोटी ते म्हटलं... पोर जगलं, गायला लागलं. उमाबाईनं त्यानंतर पाळण्यापाशीसुद्धा तोंडातून सूर काढला नाही. कमलला तिनं शिकवलं ते हातानं! बलभीम ओसरीवर गायला बसला की ही आत तळवा वर नेई, म्हणजे सूर चढवायचा. खाली आणी, म्हणजे उतरवायचा. पोर तळव्याकडं बघत हळूच गुणगुणत असे.

उमाबाईनं हात धुतले, उठली, पाटावर चढून खुंटीवरचं तुणतुणं काढलं आणि कमलच्या हाती दिलं.

"अक्का!"

"वरडू नगंस. शपथ म्या घेतली, म्या पाळली. पर ती या लेकराच्या गळ्यात बांधणार न्हाय. कमल उद्या गाणार!"

"आन् माझा गळा गेला तर? तुला काय, तुला कुठं गाता येतंय आता!"

बोलून गेला खरा... आणि ते शब्द तिच्या अंतःकरणात किती खोल रुतले, ते त्या वेड्याला कळलंही नाही! उमाबाईनं नुसता पदर सावरला.

"जा घेऊन!" तो चवताळला. "बघतो झील कोण धरतंय! गावातला एकबी गोंधळी बाईच्या मागं उभा ऱ्हायचा न्हाय."

आणि तसंच झालं. गोंधळ्याचं गाणं एकट्यानं होत नाही. पुढचा ओळ म्हणतो, मागचा तिचं टोक उचलून लांबवतो, तेवढ्यात पुढचा दम घेतो. ही झील. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मोठ्या खोलीत चांगली गर्दी होती, पण कमलचं नाव पुकारलं तसे झिलकरी एकेक करून मागं सरकले. बलभीम आपल्या पाळीसाठी संबळ बांधून, कवड्यांच्या माळा घालून दारात उभा होता. त्यानं मान फिरवली.

कमलनं एकटीनंच तुणतुणं छेडलं. तुळजापूरच्या आईला हाक घातली, सोनारीच्या भैरोबाला हाक घातली... ओळ संपली आणि मागं भयाण शांतता! दुसऱ्या ओळीला तिचा दम तुटला, तिसरी अर्ध्यावरच राहिली. साहेबांनी समोरचं आवाज टिपायचं यंत्र बंद करायला हात पुढं केला.

भिंतीशी बसलेली उमाबाई एकदा कमलकडं, एकदा दाराकडं बघत होती. एकीकडं पोटच्यासारखी पोर, दुसरीकडं आपल्या हातांनी वाढवलेला भाऊ! खरंच त्याचा गळा गेला तर? त्याची भाकरी, त्याचं नाव... आई भवानी, पाप लागायचं तर मला एकटीला लाग, माझ्या बलभीमला हात लावू नकोस!

ती उठली. कमलच्या मागं जाऊन उभी राहिली आणि तिनं झील धरली.

पहिला सूर गंजलेल्या कडीसारखा करकरला. दुसरा मोकळा झाला. तिसऱ्याला शाळेबाहेरची माणसं खिडकीशी आली. कमलच्या अंगात जणू दहा हत्तींचं बळ आलं! दारात बलभीमनं दोन्ही हातांनी आपला गळा घट्ट धरला होता.

गाणं संपलं. "ही मुलगी आम्हाला हवी," साहेब म्हणाले, "आणि मागच्या बाई कोण?" पण उमाबाईला ऐकू कुठं येतंय! ती दाराकडं धावली होती.

"बलभीम! बोल रं माझ्या राजा... काय तरी बोल!"

त्याचे ओठ हलले. आवाज नाही. मग त्यानं डोळे मिटले, भीतभीत गणाची पहिली ओळ उचलली... आणि तोच तो भरदार आवाज खोलीभर घुमला! लोक हसले, पण बलभीम मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला.

"अक्का... माझा गळा हाय तसाच हाय गं! मग तुझा कशापायी गेला? म्या एकदाबी इचारलं न्हाय... काल तर वर तुलाच..."

"उगी रं. आईला तरी तवा दुसरं काय सुचावं? तू निळा पडला व्हतास."

"आईचं सोड. म्या तर जाणता झालो व्हतो की!"

उमाबाईनं त्याचं डोकं पोटाशी धरलं, आणि इतकी वर्षं कोरडे राखलेले तिचे डोळे घळाघळा वाहू लागले.

"आणखी एक होऊ द्या," साहेब हळूच म्हणाले.

बलभीम उठला. गळ्यातली कवड्यांची मोठी माळ काढून त्यानं बहिणीच्या गळ्यात घातली आणि तिला हाताला धरून पुढं आणलं.

"आरं, माझ्यानं आता पुढचं व्हायचं न्हाय..."

"हुईल. म्या मागं हाय."

गावातला सगळ्यांत नावाजलेला गोंधळी बाईच्या मागं जाऊन उभा राहिला. संबळ वाजला. उमाबाईनं ओळ उचलली, चढाला आली आणि तिचा आवाज फाटला... पण खाली पडण्याआधीच बलभीमनं मागून तो सावरून धरला. ती दम घेत समोर बघू लागली. तिथं कमल उभी होती, रडत, हसत, आणि तिनं आपला तळवा हळूहळू वर नेला. उमाबाईनं त्या तळव्याकडं बघितलं आणि पुढची ओळ चढवली.