वळणावर इंजिन बंद

महाडच्या हायवेवर गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरसमोर एक चहाची टपरी आहे. धम्मपाल तिथं रेनकोट घालून उभा होता आणि गरम ग्लास या हातातून त्या हातात करत होता. एवढ्यात एक मुलगी भुरभुर पावसातून तरातरा आली आणि तिनं त्याच्या पुढ्यातल्या बाकड्यावर एक कागद आपटला.

"भाऊ, जरा बघा. खाली सही कुणाची, लागते का तुमाला? मला तर कोंबडी नाचल्यासारखी दिसते."

केसांवर पावसाचे बारीक थेंब, कपाळावर आठी, आणि डोळे... धम्मपालनं डोळ्यांकडे बघायचं सोडून कागदाकडे बघितलं. 'एक्स्टेंडेड वॉरंटीखाली गिअरबॉक्स दुरुस्तीचा दावा नामंजूर. कारण, चालकाचे विधान : उतारावर इंजिन बंद करते. वाहनाचा गैरवापर.' आणि खाली नाचलेली कोंबडी त्याचीच होती.

चोराच्या मनात चांदणं! त्यानं रेनकोटचं वरचं बटण हळूच लावलं.

"काय... काय चुकलं त्याचं?"

"काय चुकलं? मी त्या गाढवाला फोनवर पाच मिनिटं सगळं नीट सांगितलं. त्यानं चार शब्द लिवले."

धम्मपालला तो फोन लख्ख आठवला. पोलादपूरची प्रियदर्शिनी. फॉर्मवर विधानासाठी एकच ओळ, त्यात आधी नाव लिहायचं, आणि या बाईच्या नावानंच अर्धा रकाना भरला होता. गिऱ्हाईक रामायण सांगो की महाभारत, ते त्या एका ओळीत कोंबायचं, ही त्यांच्याकडची रीतच. उतारावर इंजिन बंद म्हणजे डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडत असणार, निम्मे ड्रायव्हर तेच करतात... त्यानं पुढे विचारलंसुद्धा नव्हतं.

"रकाना लहान असतो हो," तो पुटपुटला.

ती वळली. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "रकाना लहान असतो, हे तुमाला कसं म्हाईत?"

आता लपण्यात अर्थ नव्हता. त्यानं रेनकोट उघडला. आत कंपनीचा शर्ट, शर्टावर नावाची पट्टी.

"मीच तो गाढव."

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. हसू असावं; पण तिनं ते जागच्या जागी दाबलं.

"मग ऐका. घाटातल्या शाळांच्या बाई आन् आरोग्य केंद्राच्या सिस्टर, सगळ्या माझ्या गाडीनं जातात. तीन वर्षं झाली. नवरात्रापर्यंत थांबू म्हणतात. मग दुसरी गाडी लागंल, आन् एकदा लागली की माझी लाईन गेली." तिचा आवाज जरा खाली आला. "लाईन गेली तर परत मिळवीन. पन आता सगळा पोलादपूर म्हणतोय, बघा, बाईमाणसानं गाडीची वाट लावली. मी आजवर एकदा गाडी न्यूट्रलवर सोडली नाय हो. एकदा."

धम्मपालनं अर्धा ग्लास चहा तसाच बाकड्यावर ठेवला.

"सुट्टी कधी तुमची?" तिनं विचारलं.

"गुरुवारी."

"मग चला घाटात. फोनवर नाय समजत ते."

गुरुवारी सकाळी तो पोलादपूरला पोचला, तेव्हा ती हैबती काकांच्या जुन्या जीपमध्ये बसलेली होती. या काकांनी तिला गाडी शिकवली होती आणि चाळीस वर्षं आंबेनळी घाट चालवला होता. धम्मपाल महाडचा, सावित्रीच्या काठचा. गाड्यांची पोटं त्यानं रोज उघडलेली, पण घाटात फक्त एसटीच्या खिडकीशी पेंगत गेलेला.

"ज्या गिअरात चढायचा, त्याच गिअरात उतरायचा," ती म्हणाली. "काकाचा कायदा हाय."

ती गाडी चालवत होती आणि तो बघत होता. ना घाई, ना झटका. वळण आलं की तिचे हात आपोआप फिरत, आणि गाडी मायेनं बोलावल्यासारखी मागोमाग जाई. वर जाऊन त्यांनी गाडी वळवली, आणि उतरायला लागले तसं धुकं दाटून आलं. दरी गेली, झाडं गेली, शेवटी बॉनेटसुद्धा दिसेना. धम्मपालनं समोरचा दांडा घट्ट धरला.

एका वळणाआधी तिनं जीप कडेला घेतली. हँडब्रेक ओढला, खाली उतरून चाकाला दगड लावला, परत येऊन बसली आणि किल्ली फिरवली. इंजिन बंद.

"आता बोलू नका," ती हळूच म्हणाली.

आधी त्याला काहीच ऐकू आलं नाही. मग कातळावरून झिरपणारं पाणी ऐकू आलं. मग कुठंतरी गुराच्या गळ्यातली घंटा. आणि मग खूप खोलवरून एक बारीक गुरगुर.

"ट्रक हाय," ती डोळे मिटून म्हणाली. "भरलेला. दोन वळणं खाली. मागं एसटी हाय."

ही आपली थट्टा करतेय, असं त्याला वाटलं. पण थोड्या वेळानं धुक्यातून दोन पिवळे दिवे उगवले, सिमेंटनं भरलेला ट्रक धापा टाकत शेजारून वर गेला, आणि त्याच्या मागून... एसटी! धम्मपालच्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढा मोठा डोंगर, आणि ही पोरगी तो कानांनी बघत होती.

"धुक्यात डोळे कामाचे नाय," ती म्हणाली. "आधी घाट ऐकायचा. रस्ता मोकळा झाला की मग उतरायचं. जुने ड्रायव्हर सगळे असंच करायचे."

"हे... हे सगळं मला फोनवर सांगितलं होतंत?"

"सगळं."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तरी त्या ओल्या शांततेतून उठावंसं वाटेना.

दुसऱ्या दिवशी त्यानं तिच्या गाडीतल्या ट्रॅकरची नोंद काढली. प्रवासी गाडी, त्यामुळे ट्रॅकर होताच. बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. पडद्यावर अख्खं वर्ष उलगडलं. रोज तेच वळण. इंजिन बंद, वेग शून्य. चार मिनिटं, पाच मिनिटं. चालत्या गाडीचं इंजिन बंद, अशी एकही नोंद नव्हती. चैत्र-वैशाखातसुद्धा, धुक्याचा मागमूस नसताना, ती तिथं थांबलेली होती. तो कितीतरी वेळ त्या शून्यांकडे बघत राहिला. एवढा नेम त्यानं कुणाचाच पाहिला नव्हता.

त्यानं ती नोंद जोडून पुण्याच्या ऑफिसला लिहिलं : 'विधान मी अपुरं लिहिलं. चूक चालकाची नाही, माझी आहे.'

मॅनेजर म्हणाले, "अरे, स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतोस?"

"धोंडा आधीच पाडलाय सर. फक्त दुसऱ्याच्या पायावर."

त्याला मेमो मिळाला. पण दावा पुन्हा उघडला, कंपनीच्या इंजिनिअरसमोर गिअरबॉक्स खोलला, आणि आतली बेअरिंग मुळातच सदोष निघाली. घटस्थापनेला चार दिवस असताना दावा मंजूर झाला.

गाडी पोचवायला धम्मपाल स्वतः पोलादपूरला गेला. प्रियदर्शिनीनं गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवरून हात फिरवला, आणि डोळे पुसून म्हणाली, "बसा. बघू तरी कशी चालते."

घाट लख्ख उघडा होता. सोनकीच्या फुलांनी उतार पिवळेधमक झाले होते. येताना त्या वळणाआधी तिनं गाडी कडेला घेतली, दगड लावला, किल्ली फिरवली.

"आज धुकं नाही," तो म्हणाला.

"नाय."

"चैत्रातही नव्हतं. तरी थांबायचीस. का गं?"

त्या 'गं'कडे तिनं कानाडोळा केला, पण गाल मात्र फितूर झाले. "खाली सगळे मला सांगतात. हे कर, ते नको करू. इथं कोण काय सांगत नाय... म्हणून." मग तिनं तिरप्या डोळ्यांनी बघितलं. "शिकलास ना आता? सांग, काय ऐकू येतंय?"

त्यानं डोळे मिटले. "खालून काही नाही... वरूनही नाही. धडधडतंय ते... ते माझंच आहे."

"ते मला कवाचं ऐकू येतंय. म्हटलं, भरलेला ट्रक हाय."

दोघंही खळखळून हसले. हसू ओसरलं तरी कुणी किल्लीला हात लावला नाही. ऊन सरकत सरकत तिच्या मनगटावर आलं.

"ट्रॅकरवर पुण्याला दिसंल हां," ती म्हणाली. "गाडी अर्धा तास बंद. विचारतील, का म्हणून?"

"विधान मी लिहीन."

"रकाना लहान असतो."

"चार शब्दांत मावेल."

"मागं पन चारच लिवले होतेस." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "बघू... काय लिवशील?"

या वेळी त्यानं सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं.

"प्रियदर्शिनी, मला तू आवडतेस."

तिनं बोटांवर शब्द मोजले. खरोखर चारच होते.

"नावानंच अर्धा रकाना भरला बघ," ती म्हणाली, आणि गाडीची किल्ली काढून तिनं त्याच्या तळहातावर ठेवली.