सतरा नंबरची पिशवी

नोव्हेंबरातला पाऊस, आणि तोही कॅनडातल्या ग्वेल्फचा. धड पाऊस नाही, धड बर्फ नाही. अशा एका दुपारी जयदीप आइसबॉक्स घेऊन प्रयोगशाळेच्या बेसमेंटमध्ये शिरला, तेव्हा शिवांगी एका मेलेल्या उंदराचे केस विंचरत होती. लिखा काढायच्या बारीक फणीने. फणी तिच्या आईने साताऱ्याहून पाठवली होती.

तो दारातच थबकला.

"शाळेत जायचंय का त्याला?"

तिला हसायचं नव्हतं. पण तीन आठवड्यांत समोर उभं राहून मराठीत कुणी बोललं नव्हतं, आणि हसू आलंच. जयदीप मूळचा नागपूरचा. उत्तरेच्या जंगलात सापळे लावून उंदीर पकडायचं कॉन्ट्रॅक्ट त्याच्याकडे होतं. पेट्या पोचवणारा माणूस आजारी पडला, म्हणून तो पहिल्यांदाच स्वतः आला होता.

मग तो दर गुरुवारी टोरांटोजवळच्या एटोबिकोहून येऊ लागला. पेटी ठेवायला दोन मिनिटं पुष्कळ झाली, हा बाबा दोन तास थांबायचा. थर्मासमधला चहा अर्धा अर्धा व्हायचा. शिवांगी त्याला भिंतीवरचा कागद समजावून सांगायची. डावीकडे उंदरांची वंशावळ, उजवीकडे त्यांच्या अंगावरच्या उवांची. ऊ सगळा जन्म एकाच अंगावर काढते, फार तर आईकडून पिल्लाच्या अंगावर जाते. म्हणून लाखो वर्षांपूर्वी उंदरांच्या एका जातीच्या दोन झाल्या, तेव्हा पुष्कळदा उवांच्याही दोन झाल्या. वंशावळी समोरासमोर ठेवल्या की जोडणाऱ्या रेषा सरळ जातात.

"इतकी निष्ठा माणसांत कुठली?" ती एकदा म्हणाली.

"माणसांत शोधून बघितलीस का कधी?" त्याने विचारलं आणि चहात बघत राहिला.

त्या दिवशी तिने फणी दोनदा उलटी धरली.

कागदावर एकच रेषा तिरकी होती. नमुना सतरा, एक व्होल, म्हणजे उंदराचाच आखूड शेपटीचा भाऊबंद. त्याच्या अंगावर अकरा उवा सापडल्या, त्या उंदरांवर राहणाऱ्या जातीच्या. उवांनी घर बदललं होतं. तिचे प्रोफेसर खूश. तिच्या पीएच.डी.च्या थिसिसचं शेवटचं प्रकरण त्याच रेषेवर उभं होतं, डिफेन्स, म्हणजे त्यावरची तोंडी परीक्षा, फेब्रुवारीत होता, आणि तिची व्हँकूव्हरची नोकरी त्याच्याच भरवशावर ठरली होती. शिवांगीने ही रेषा कौतुकाने जयदीपला दाखवली. तो नुसता "छान" म्हणाला.

दोन गुरुवार तो गप्प गप्पच होता. तिसऱ्या गुरुवारी त्याने थर्मास उघडलाच नाही.

"सतरा नंबर... मी एकाच पिशवीत दोन जनावरं टाकली होती. व्होल आणि उंदीर. पिशव्या संपल्या होत्या, बोटं बधिर झाली होती. कॅम्पवर आल्यावर वेगळी केली."

शिवांगीला पुढचं सांगावं लागलं नाही. अंग थंड पडलं की उवा ते सोडतात आणि शेजारी जे मिळेल त्यावर चढतात. कुणी घर बदललं नव्हतं. मेल्यावरची पळापळ होती ती.

"तुला कधी लक्षात आलं?"

"तू रेषा दाखवलीस, त्याच दिवशी."

"आणि तीन आठवडे गप्प बसलास?"

"तू इतकी खूश होतीस..."

तिने त्याला जायला सांगितलं. मग वॉशरूममध्ये जाऊन मनसोक्त रडली. ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, आणि तिसऱ्याला कळायचं काही कारण नव्हतं. खोटं कशाला बोला, तीन दिवस हाच विचार तिचं डोकं खात होता. चौथ्या दिवशी तिने प्रोफेसरांना मेल लिहिली. लिहिण्याआधी तिने जयदीपला कळवलं होतं, तेव्हा चूक माझी, माझं नाव घाल, असा त्याचा मेसेज आला होता. तिने घातलं.

डिफेन्स पुढच्या सप्टेंबरवर गेला. व्हँकूव्हर हातचं गेलं. जयदीपचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही, आणि वर्क परमिट संपत आल्यावर नागपूरचं तिकीट काढण्यावाचून त्याच्यापुढे काही उरलं नाही.

निघायच्या दिवशी तो पेट्यांच्या किल्ल्या द्यायला आला. ती त्याच्याबरोबर बस स्टॉपपर्यंत गेली. ओला बर्फ पडत होता आणि बस उशिरा होती.

"अजून रागावली आहेस?"

"हो," ती म्हणाली. "आणि तू जाऊ नयेस असंही वाटतंय. खूप वाटतंय."

त्याने बॅग खाली ठेवली.

"मला तू पहिल्या दिवसापासून आवडतेस," तो म्हणाला. "हे आधी बोलून बसलो असतो ना... तर पिशवीचं सांगायची माझी हिंमत झाली नसती."

"ते सांगितलं नसतंस, तर मी आज इथे आले नसते."

बस आली. त्याने बॅग आत ठेवली, एक पाय पायरीवर ठेवून मागे वळला. तिने त्याच्या बाहीवरचा बर्फ हाताने झटकला, आणि हात तिथेच राहिला. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला, तेव्हा तिने तो काढून घेतला.

बस वळेपर्यंत ती उभी होती. मग परत बेसमेंटमध्ये गेली आणि नमुना एकपासून उवा पुन्हा मोजायला बसली.