शांतव्वाचा अंगठा

शांतव्वानं कागद टेबलावर आपटला.

"ह्यो अर्ज माझा न्हाय."

दीप्ती कांबळेनं कागद वाचला. कोल्हापूरच्या कोर्टातल्या या मदत केंद्रात वकील न लावता स्वतःची केस स्वतः लढणारी माणसं येत. त्यांना वाट दाखवणं हे दीप्तीचं काम. कागदावर छापलं होतं, 'मी माझा दावा राजीखुशीने मागे घेत आहे.' खाली नोंद होती: मंगळवार, दुपारी एक चाळीस, अंगठा जुळला.

आज गुरुवार. अडीच वाजता हा अर्ज न्यायाधीशसाहेबांपुढं निघणार होता. नवरा बसाप्पा गेल्यापासून धाकटा दीर शिवप्रसाद शांतव्वाला उचगावच्या दोन खोल्यांतून बाहेर काढायला टपलेला होता. त्याच्या आडवा होता तो एवढा दावाच. अर्ज माझा नाही म्हटलं, तर साहेब विचारणार, मग अंगठा कुणाचा?

केंद्रातलं यंत्र धैर्यशील सांभाळायचा, आणि त्याला त्याचं लेकरासारखं कौतुक. अंगठा ठेवला की यंत्र नावानं नमस्कार करी, माणूस बोलेल ते अर्जात उतरवी, वाचून दाखवी आणि पुन्हा अंगठा घेऊन कोर्टाकडे धाडी. बोललेल्याचा आवाज साठवून ठेवत नसे. खोलीत कॅमेराही नव्हता, कारण लोक इथं घरातलं उणंदुणं सांगायला येत. जेवणाच्या सुट्टीतही यंत्र चालूच. ते जेवत नाही, हाच त्याचा मोठेपणा.

दीप्तीनं धैर्यशीलला समोर बसवलं.

"मंगळवारी एक चाळीसला कुठं होतास?"

"कँटीनला, मिसळ खाईत. तुमच्याच टेबलावर की, मॅडम."

"अंगठ्याशिवाय अर्ज जातो?"

"माझ्या पासवर्डनं जातोय. पर मग कागदावर 'ऑपरेटरमार्फत' म्हणून छापून येतंय. ह्याच्यावर न्हाय. यंत्र खोटं बोलत न्हाय."

शिवप्रसाद आवारात झाडाखाली सापडला. मंगळवारी तो कोर्टात होता, हे त्यानं लपवलं नाही. दुपारभर वकिलासमोर बसलो होतो, खुशाल विचारा, म्हणाला. वकिलानंही मान डोलावली. वहिनी आपणहून माघार घेते म्हटल्यावर माझ्या पोटात का दुखावं, असं वर त्यानंच दीप्तीला विचारलं. दीप्ती हात हलवत परत आली. घड्याळात बारा वाजून गेले होते.

निदान नवा अर्ज तरी करावा, म्हणून तिनं शांतव्वाला यंत्रापुढं बसवलं. अंगठा ठेवला. लाल दिवा. पदरानं पुसून पुन्हा ठेवला. लाल. चार वेळा तेच झालं.

दीप्तीनं तो अंगठा उजेडात धरला. रोज घासलेल्या पाट्यासारखा गुळगुळीत, एक रेघ दिसेल तर शपथ.

"तीस वर्सं तंबाखूच्या इड्या वळल्यात, बाई," शांतव्वा म्हणाली. "काय ऱ्हाईल बोटावर?"

"मग आजवर यंत्रानं कसा घेतला?"

"आमची रक्षिता हात धरती की. तिनं धरला की घेतंय."

रक्षिता ही शिवप्रसादची मुलगी. बापाशी भांडून ती चुलतीच्या बाजूनं उभी राहिली होती आणि दर वेळी तिला हाताला धरून केंद्रात आणायची. अशी पोरगी घरोघरी असावी, असं दीप्तीच चारचौघांत म्हणाली होती.

दीड वाजता रक्षिता डबा घेऊन आली. तोवर दीप्तीनं शिवप्रसादलाही आत बोलावून घेतलं होतं. नवा अर्ज करण्याआधी घरच्या माणसांनी यंत्रावर अंगठा ठेवायचा, एवढंच तिनं सांगितलं.

शिवप्रसादनं ठेवला. 'आपली नोंद सापडली नाही,' यंत्र म्हणालं.

रक्षितानं डावा अंगठा ठेवला. पुन्हा तेच उत्तर.

"आता उजवा," दीप्ती म्हणाली.

"माझं काय काम हाय ह्यात?"

"दे की बाळ," शांतव्वानंच समजावलं.

रक्षितानं उजवा अंगठा टेकवला. हिरवा दिवा लागला.

'नमस्कार, शांतव्वा बसाप्पा कोरे. आपल्याला कोणता अर्ज करायचा आहे?'

रक्षितानं अंगठा झटकन मागं घेतला.

"जो अंगठा आज चारदा नाकारला गेला, तो मंगळवारी पहिल्या झटक्यात कसा जुळेल?" दीप्ती सावकाश बोलू लागली. "म्हणजे यंत्रात आहे तो अंगठा या आजींचा नाहीच. तो पहिल्या दिवसापासून दुसऱ्याचा आहे. आजवर आजींचा अंगठा घेताना दर वेळी जवळ दोघंच असत, धैर्यशील आणि रक्षिता. धैर्यशील मंगळवारी माझ्यासमोर जेवत होता, आणि त्याला अंगठ्याची गरजच नाही, पासवर्ड आहे. उरलं कोण?"

धैर्यशीलचा चेहरा उतरला. पहिल्या दिवशी नाव नोंदवताना रांग दारापर्यंत होती, त्यानं कबूल केलं. यंत्र शांतव्वाचा अंगठा घेईना, तेव्हा पोरीनं हात धरला आणि आपलाच अंगठा टेकवला. त्यानं ते पाहिलं आणि काम उरकलं.

"तवा मदतच केलती मी," रक्षिता रडायला लागली. "आता माझी सोयरीक मोडाय लागली, दोडव्वा. कोर्टात भांडणाऱ्या घरची पोरगी नको म्हणाली पोराकडची. दावा मिटला तरी तुला खोलीत ऱ्हाऊ देतो म्हणून अप्पांनी शब्द दिलता."

दोडव्वा म्हणजे मोठी चुलती. तिनं दिराकडं पाहिलं.

"दिलतास शब्द?"

शिवप्रसादनं पाठ फिरवली आणि तो दाराकडं निघाला. शांतव्वाला उत्तर मिळालं, आणि रक्षितालाही.

अडीच वाजता धैर्यशीलनं आपली चूक साहेबांपुढं लेखी दिली. साहेबांनी अर्ज फेटाळला, दावा चालू ठेवला. मग त्यांनी शांतव्वाला विचारलं, या मुलीबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?

रक्षिता दारापाशी मान खाली घालून उभी होती. शांतव्वानं एकदा तिच्याकडं पाहिलं.

"कायद्याचं तुमी बघा, साहेब," ती म्हणाली. "पोरीचं लगीन मला माझ्या दारात लावायचं हाय. तवर ते दार तेवढं माझं ऱ्हाऊ द्या."