चाळिसावा कप्पा

सकाळी नऊला पाहुण्यांसमोर गेम सुरू झाला. गेममधल्या लोहाराने तोंड उघडलं आणि नुसतं "अ" म्हणून मिटलं. त्याची बायको म्हणाली, "क." शिंपी म्हणाला, "त." गेममधल्या चाळीस माणसांपैकी एकोणचाळीस जणांच्या प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर तेवढं उरलं होतं. एकटा नावाडी घडाघडा बोलत होता.

गेम विकत घ्यायला आलेले ते पाहुणे दहा मिनिटांत उठून गेले.

साडेनऊला मालकाने टेस्टरबाईला आत बोलावलं. गेममधल्या चुका हुडकणं हे तिचं रोजचं काम. टेबलावर चिमणीचा राजीनामा छापून तयार होता, फक्त तिची सही बाकी होती. समोर चिमणी मान खाली घालून बसली होती. वय सव्वीस, आणि गेल्याच महिन्यात प्रोग्रामरांची प्रमुख झालेली.

"हिच्या लॉगिनवरून सात चाळीसला स्क्रिप्ट चालली," मालक म्हणाला. "लांब वाक्यं छाटायचं काम हिचंच होतं. न तपासता चालवली, आणि वर तोंड करून नाही म्हणते! चूक मी पोटात घातली असती. खोटेपणा नाही घालणार. बाराला सही."

"मी चालवली नाही," चिमणी म्हणाली. एवढंच. ना रडली, ना भांडली. टेस्टरबाईला याचाच राग आला. अगं, स्वतःसाठी तरी बोल की!

"बारापर्यंत वेळ द्या मला," ती मालकाला म्हणाली.

तिने स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला दिलेल्या हुकमांची यादी, उघडली. जेमतेम सहा ओळी. या गेमची भाषा तशी विक्षिप्तच. चाळीस माणसांचे संवाद अॅरेत, म्हणजे नंबर घातलेल्या कप्प्यांच्या रांगेत ठेवलेले. कप्पे मोजायचे शून्यापासून, म्हणून पहिला शून्य आणि शेवटचा एकोणचाळीस. पण कप्प्यातली स्ट्रिंग, म्हणजे वाक्य, त्यातली अक्षरं मोजायची एकपासून. नवीन माणूस इथे हमखास आपटतो. स्क्रिप्ट कप्पा एकपासून निघाली होती आणि चाळीसवर जाऊन अडकली होती, कारण चाळीस नंबरचा कप्पाच नाही. शून्य नंबरच्या कप्प्यातला नावाडी तेवढा वाचला होता. बाकीच्यांचं प्रत्येक वाक्य मात्र दुसऱ्या अक्षरापासून पुढे बिनचूक कापलं होतं.

सात चाळीसला चिमणी खाली कॉफी आणायला गेली होती, दुकानदाराने ते सांगितलं. पण मालकाला ते पुरेना. स्क्रिप्ट आधी लावूनही ठेवता येते, म्हणाला. त्या वेळी वर मालक धरून तिघं होते आणि तिघांनाही तिचा पासवर्ड माहीत होता.

चित्रकार आधी भेटला. "अॅरे? बाई, मला माझ्या मोबाइलचा गजर लावता येत नाही," तो म्हणाला. खरंच होतं ते, तो रोज उशिरा यायचा. आजच काय तो वेळेवर उगवला होता.

मालकाला विचारायला तिला जरा धीर गोळा करावा लागला. "तुम्ही कोड लिहिता?"

"लिहायचो. वेबसाइटी. आमच्याकडे सगळं शून्यापासून, अक्षरंसुद्धा. तुमच्या या भाषेत दोनदा हात घातला, दोन्ही वेळा वाक्यांचा चुथडा केला. माझ्यावर संशय आहे की काय?"

"सगळ्यांवर आहे."

तिसरा मास्तर. चिमणीचा सख्खा मोठा भाऊ आणि आता तिच्याच हाताखालचा प्रोग्रामर. तिला कोड लिहायला त्यानेच शिकवलं आणि इथे चिकटवलंही त्यानेच. डोळे लाल झाले होते त्याचे.

"पोरगी दमलीये हो. एवढं मोठं पद झेपत नाही तिला, मी आधीच सांगत होतो."

"तुम्ही यापूर्वी कुठे होतात?"

"बारा वर्षं जुन्या कंपनीत. तिथली भाषा सरळ होती. कप्पे असोत, अक्षरं असोत, माणसासारखं एकपासून मोजायचं."

"इथे जमलं?"

"दोन वर्षांत एक चूक दाखवा माझी!"

टेस्टरबाई जागेवर परतली आणि दोन वर्षांच्या बदलांची नोंद उघडून बसली. पाऊण तास ती तिथून हलली नाही.

पावणेबाराला तिने सगळ्यांना मालकाच्या खोलीत गोळा केलं.

"चित्रकाराला सहा ओळी लिहिता येणार नाहीत," ती म्हणाली. "साहेब, तुम्ही असता तर नावाडीही मुका झाला असता आणि एकही अक्षर उरलं नसतं. दुसरं अक्षर म्हणजे तुमच्या सवयीने एक नंबर. तुम्ही तिथूनच कापलं असतं आणि या भाषेत पहिलंही गेलं असतं. चिमणीने नोंदीत कप्पा शून्य एकदाही चुकवलेला नाही, ती आज विसरणार नाही. हा माणूस अक्षरांत बरोबर आहे आणि कप्प्यांत चुकलाय. म्हणजे दोन्ही एकपासून मोजणारा. असा इथे एकच आहे."

मास्तर हसला. "काहीतरीच! मी असा चुकत असतो तर दोन वर्षं माझं काम चाललं कसं?"

"ताई, नको," चिमणी पटकन म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता.

पण टेस्टरबाई थांबली नाही. "तुम्ही रोज संध्याकाळी खाली गाडीपाशी वैतागून उभे असायचात ना, ही उशीर करते म्हणून? त्या वेळात ही तुमचे एक पुसून शून्य करत होती. चारशे अकरा वेळा. नोंदीत प्रत्येक ठिकाणी 'किरकोळ' लिहिलंय. आज सकाळी स्क्रिप्ट बघताक्षणी हिने तुमचा हात ओळखला. म्हणून गप्प बसली होती."

मास्तरच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. त्याने बहिणीकडे पाहिलं.

"उपकार करत होतीस माझ्यावर?"

"दादा, तुला कोणी काही बोलू नये म्हणून..."

"माझ्याच हाताखाली शिकलीस आणि माझ्याच डोक्यावर जाऊन बसलीस. हो, केलं मी! एक दिवस तरी तुझी चूक दिसू दे म्हटलं सगळ्यांना!"

मालकाने राजीनामा टराटरा फाडला. त्याला एकदम मोठेपणा सुचला. "माझं चुकलं, चिमणी. पद तुझंच. आणि हाताखालच्या माणसाला काढायचं पत्र प्रमुखच देतो, आपला नियम आहे. तेवढं लिहून टाक."

टेस्टरबाईला वाटलं, ही आता नाही म्हणेल. मालकालाही तसंच वाटलं असावं. पण चिमणी उठली, संगणकापाशी बसली आणि तिने चार ओळींचं पत्र लिहिलं. छापलं, सही केली. मास्तरने पत्र वाचून घडी घातली.

"गाडीची किल्ली दे."

तिने दिली. "मी येईन चालत," ती म्हणाली.

"कुठे?" तो म्हणाला. "आईला मी सांगतो तुझी नोकरी वाचली म्हणून. तू घरी येऊ नकोस."

तो गेला. टेस्टरबाईने चिमणीच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने हळूच बाजूला केला.

"तुला कोणी सांगितलं होतं गं शोधायला?" ती म्हणाली.